ढोल वाजवा, तिजोरी भरा

मार्चमध्ये आमच्या गावात दोन ढोल वाजतात. एक शिमग्याचा, दुसरा नगरपालिकेचा. शिमग्याच्या ढोलाला माणसं दार उघडतात.

दुसरा ढोल थकबाकीदाराच्या दारात. वसुली पथक येतं, नळ तोडतं, फोटो काढून निघून जातं. आठवड्यातून एकदा पाणी येणारा नळ तोडल्याचं घरच्यांना कळतं कधी?

पुढच्या आठवड्यात.

त्याआधी अंदाजपत्रक मंजूर झालेलं असतं. शिलकी! उलाढाल कोटींची, शिल्लक काही हजारांची. पथदिव्यांचं वीजबिल थकलंय, ठेकेदारांची देयकं थकलीत, निवृत्तांची देणी थकलीत. तरी शिलकी. जमेच्या बाजूला ‘अपेक्षित अनुदान’ लिहिलं की झालं. अपेक्षेला कुठे ऑडिट असतं?

दुकानाच्या घरपट्टीचं बिल कधी नीट वाचलंय? त्यात शिक्षण कर आहे, रोजगार हमी कर आहे. हे दोन्ही राज्य सरकारचे. म्हणजे ढोल पालिकेचा, शिव्या पालिकेला, पैसे मुंबईला. वृक्ष करही आहे. दुकानापुढचं झाड रस्ता रुंदीकरणात गेलं.

कर मात्र मुळासकट शाबूत.

थकबाकीवर शास्ती दरमहा २ टक्के. वर्षाला २४. सावकारानेही मान खाली घालावी. मग एक दिवस अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. बुडव्याला अभय मिळतं. वेळेत भरणाऱ्याला काय मिळतं?

पावती.

पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचा, रोज रोकड यायची. थोडी गल्ल्यात, थोडी खिशात. १९९९मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि बदल्यात सहायक अनुदान आलं. तेव्हापासून पगाराच्या तारखेला मुख्याधिकारी कॅलेंडर बघत नाहीत, मंत्रालयाकडे बघतात.

तरी कागदोपत्री आपण स्वायत्त! ७४वी घटनादुरुस्ती १९९३पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी विषय किती? १८. पाण्यापासून स्मशानापर्यंत सगळं त्यात आलं. हक्काची मोठी कमाई म्हणाल तर घरपट्टी.

अठराविश्वे दारिद्र्य म्हणतात ते हेच.

मग घरपट्टी तरी वाढवा! कायद्याने दर चार वर्षांनी फेरमूल्यांकन करायचं असतं. पण निवडणूक पाच वर्षांनी, आणि तीही वेळेवर झाली तर. नोटिसा निघाल्या की मोर्चा निघतो. मोर्चाच्या पुढे कोण? सभागृहात विकासकामांच्या यादीवर सर्वांत आधी हात वर करणारे. मग वरून स्थगिती येते आणि चौकाचौकात बॅनर लागतात : ‘वाढीव घरपट्टी रद्द, साहेबांचे जाहीर आभार!’

त्या बॅनरचं शुल्कही भरलेलं नसतं.

आपणही काही कमी नाही. वरचा मजला चढवतो, नोंद तळमजल्याचीच ठेवतो. आणि त्याच गच्चीवर उभं राहून विचारतो, रस्त्यात एवढे खड्डे कसे?

असो. यंदाची मोहीम फत्ते झाली म्हणतात. फोटो छापून आले, सत्कार झाले. ढोलवाले मात्र लेखा विभागात खेटे घालतायत. त्यांच्या बिलावर शेरा पडलाय :

‘निधी उपलब्ध होताच अदा करावे.’