माळे रिकामे करणाऱ्या गृहस्थांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री, वडिलोपार्जित भांडी मोडीत घालणाऱ्या समस्त गृहस्थांचे सेवेसी, सा. न. वि. वि.

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या थोरवीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्यांच्या औदार्यावाचून त्या वास्तूत एकही दिवा आला नसता, त्या आपणांस कोणी श्रेय दिल्याचे आमच्या अवलोकनात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

1920च्या सुमारास कवी ‘अज्ञातवासी’, म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर, जुन्या वस्तूंच्या शोधात गावोगाव हिंडू लागले, तेव्हा आजीच्या लामणदिव्याचा शेरावर भाव करणारे आपण जर त्यांना भेटला नसता, आणि पणजोबांची दौत अडगळीच्या सदरी जमा करून माळ्यावरून खाली उतरविली नसती, तर त्या भल्या माणसाने संग्रह तरी कशाचा केला असता? तलवारींची चिंता वाहावयास संस्थानिक आणि साहेब समर्थ होते. पण पाय घासावयाची वज्री, जिच्या पितळी मुठीवर कोण्या अनाम कारागिराने मोर किंवा हत्ती बसविला, ती जपून ठेवावी असे शहाण्या माणसाच्या मनात येणेच अशक्य. केळकरांच्या मनात ते आले, आणि आमच्या मते त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म हेच की, दिवाणखान्यापेक्षा न्हाणीघराचे व माजघराचे दप्तर त्यांनी अधिक आस्थेने राखले. (महालही त्यांनी सोडला नाही हे खरे, कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभा केला.) बालपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहास दिले आणि 1975 साली ही सारी दौलत महाराष्ट्र सरकारच्या हवाली केली. ती लिलावात काढली असती तर केवढी रक्कम उभी राहिली असती, ही आपल्यासारख्या व्यवहारज्ञांची हळहळ आम्ही समजू शकतो.

आपणांस संतोष वाटावा असा आणखी एक मजकूर आहे. सुमारे वीस हजार वस्तूंपैकी जेमतेम अडीच हजार दालनांत मांडलेल्या असून बाकीच्या बंदिस्त पडून आहेत. म्हणजे आपल्या माळ्यावरून निघालेली अडगळ सरकारी माळ्यावर रुजू झाली.

अजून काही वाड्यांचे माळे शिल्लक असतील. तेथील अडकित्ता मोडवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एक दुपार काढून या संग्रहालयातले अडकित्ते पाहून यावे, आणि मग खुशाल वजनावर भाव करावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक शेजारी