किनारेकर

ज्या गावाला एकच किनारा असतो, तिथे किनारेकर जन्माला येत नाही. गुहागरच्या माणसाला संध्याकाळी समुद्रावर जावंसं वाटलं तर तो पायांत चप्पल सरकवतो आणि जातो. कुठल्या समुद्रावर, हा प्रश्न त्याला पडत नाही. किनारेकर पिकतो तो नीससारख्या गावात. फ्रान्सच्या दक्षिणेला आल्प्सचे डोंगर इथे थेट भूमध्य समुद्रापर्यंत येऊन ठेपलेत. त्यामुळे इटलीच्या बाजूला सगळा कडेकपारींचा मामला: खडक, त्यांत लपलेल्या चिमुकल्या खाड्या, वर हवेल्या. पश्चिमेला आंतीबकडे जमीन जरा ऐसपैस होते आणि पायाखाली वाळू येते. मधोमध नीसचा स्वतःचा लांबलचक किनारा, तो निव्वळ गोट्यांचा. आणि या सगळ्यांना जोडणारी एक लोकल गाडी. सात-आठ मिनिटांत विलफ्रांश, अर्ध्या तासाच्या आत आंतीब, पाऊण तासाच्या आत माँतों. एवढे समुद्र एका तिकिटाच्या अंतरावर असले की सामान्य माणूस खूश होतो. किनारेकर अभ्यासाला बसतो.

त्याचं खरं आडनाव काहीही असेल. आम्ही नीसमधली मराठी मंडळी त्याला किनारेकरच म्हणतो. असे एकाहून जास्त आहेत, पण स्वभाव इतका सारखा की एकाचं वर्णन केलं तरी बाकीच्यांना आपलाच फोटो छापल्यासारखं वाटेल. हा बहुधा सोफिया आंतिपोलिसमध्ये नोकरीला असतो. आंतीबच्या मागच्या टेकड्यांवर १९६९ पासून उभं राहिलेलं ते तंत्रज्ञानाचं गाव. तिथे आपले बरेच लोक आहेत. सोमवार ते शुक्रवार तो कुठल्याशा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि शनिवारी संध्याकाळी किनाऱ्यांमधल्या.

शनिवारी कुणीतरी ग्रुपवर निष्पापपणे विचारतं, "उद्या बीचवर जायचं का?" ज्याने विचारलं तो हमखास नवा असतो. जुने लोक उत्तर द्यायचं टाळून स्वयंपाकाला लागतात, कारण आता दोन तास निर्णय होणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

किनारेकर प्रथम वारा बघतो. पूर्वेचा वारा असेल तर नीस बाद: लाटा थेट अंगावर येतात आणि गोट्यांवरून बाहेर पडताना माणूस चार पायांचा होतो. पश्चिमेकडे मिस्त्राल सुटला असेल तर त्या अंगाचं पाणी बाद. तो वारा वरचं ऊन खाल्लेलं पाणी आत ढकलून देतो आणि खालून गार पाणी वर येतं. ऑगस्टातही दात वाजतात. वारा किनाऱ्याकडे असेल तर जांभळ्या जेलीफिशची शंका. मग ती डसली तर गोड्या पाण्याने धुवायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, हे तो न डसलेल्या चौदा माणसांना समजावतो. आणि वारा अजिबात नसेल तर? "वारा नाही म्हणजे उद्या गर्दी," असा निकाल लागतो.

वाऱ्यानंतर ऊन. काप फेरा नावाचं एक श्रीमंत भूशिर आहे, त्याच्या दोन अंगांना दोन सुंदर किनारे. पालोमा पूर्वेकडे तोंड करून, तिथे दुपार कलली की सावली पडते. पासाब्ल पश्चिमेकडे, तिथे सूर्य शेवटपर्यंत साथ देतो. साधा माणूस यावरून एवढंच ठरवील की सकाळी जायचं तर पालोमा, संध्याकाळी जायचं तर पासाब्ल. किनारेकर दोन्ही एकाच दिवशी करण्याचं वेळापत्रक पाठवतो, चालण्याच्या वेळेसकट. त्यात जेवणाला अकरा मिनिटं असतात.

मग पायांचा विचार. विलफ्रांशला वाळू आहे, पण जाडी-भरडी. एझला खडे आहेत. काप दायच्या ला मालाला निळं स्वर्गीय पाणी आहे, पण शंभरावर पायऱ्या उतराव्या लागतात, "आणि त्या संध्याकाळी चढाव्याही लागतात," असं तो दरवेळी सांगतो, जणू हा शोध त्याचा. लहान मुलं असतील तर आंतीबचं ला ग्राव्हेत: जुन्या बंदराच्या भिंतीआड, उथळ, वाळूचं. नीसला मुलांना न्यायचंच नाही, चार पावलांत तळ सुटतो. हे मात्र सोळा आणे खरं आहे, आणि त्याने हे वेळेवर सांगितल्याबद्दल बऱ्याच आयांनी त्याला मनोमन दुवा दिला आहे. किनारेकराची हीच पंचाईत आहे. त्याची थट्टा करावी तर त्याचं म्हणणं बरोबर निघतं.

स्वतः किनारेकर गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही. बालपण डोंबिवलीत गेलं. तिथे पोहण्यापेक्षा गाडीत चढण्याची कला जास्त लागते. ती मात्र इथे कामी येते. रविवारी सकाळच्या भरगच्च लोकलमध्ये छत्री, बर्फाची पेटी, थालीपिठांचा डबा आणि दोन कुटुंबं तो अशा सफाईने आत घालतो की फ्रेंच प्रवासी आदराने मागे सरकतात.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर तो शांत बसेल अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. काठावर तपकिरी पात्यांचे ढीग दिसले आणि कुणी "शी, शेवाळ!" म्हणालं की तो उठून बसतो. ते शेवाळ नाही, पोसिडोनिया नावाची फुलं येणारी वनस्पती आहे. फ्रान्समध्ये १९८८ पासून तिला संरक्षण आहे. तिच्यामुळे पाणी स्वच्छ राहतं आणि ढिगांमुळे वाळू वाहून जात नाही. ज्याने "शी" म्हटलं तो पुढे दिवसभर त्या ढिगाशी अदबीने वागतो.

खाजगी गाद्या-छत्र्यांच्या रांगा दिसल्या की त्याच्यातला वकील जागा होतो. किनारा सगळ्यांचा असतो, १९८६ चा कायदा आहे, शिवाय २००६ च्या हुकुमाप्रमाणे नैसर्गिक किनाऱ्याची ८० टक्के लांबी मोकळी ठेवावी लागते. एकदा तर इकडे डबे उघडत असताना तो गाद्यांची लांबी पावलांनी मोजायला गेला. परत येऊन म्हणाला, "अठरा टक्के. नियमात आहे." आवाजात खंत होती. तेवढ्यात थालीपिठंही संपली होती.

आंतीबच्या ला गारूप किनाऱ्यावर गेलं तर इतिहास. शंभर वर्षांपूर्वी या किनारपट्टीवर श्रीमंत लोक फक्त हिवाळ्यात यायचे. उन्हाळ्यात हॉटेलं बंद. १९२३ मध्ये जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्याने आंतीबच्या टोकावरचं हॉटेल उन्हाळ्यात उघडं ठेवायला लावलं. गारूपवर साचलेला समुद्री पाला मर्फीसाहेब स्वतः दाताळ्याने ओढायचे. त्याच उन्हाळ्यात पिकासोही तिथे वाळूत बसायला येई. "म्हणजे उन्हात पडून राहायची ही सगळी फॅशन इथून," किनारेकर सांगतो, आणि स्वतः छत्रीखाली आणखी आत सरकतो. पाला ओढणाऱ्या माणसाला पोसिडोनियाबद्दल सांगायला तेव्हा कुणी नव्हतं, याची हळहळ त्याला अजून आहे.

पण त्याचं सगळ्यात मोठं दुःख वेगळंच. आपण विलफ्रांशला बसलेले असतो. आखात काचेसारखं स्वच्छ, मुलं पाण्यात, मागून गाडी धडधडत जाते, सगळं कसं जिथल्या तिथे. किनारेकर समोरच्या भूशिराकडे डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, "आज पासाब्लला पाणी जास्त चांगलं असणार." पासाब्लला नेलं की त्याला विलफ्रांश आठवतं. त्याची बायको समजूतदार आहे. ती म्हणते, "अरे, तू तिथेच आहेस असं समज ना. दिसतंय की समोर."

गेल्या उन्हाळ्यात त्याचे वडील गुहागरहून आले. त्यांना समुद्र शिकवायची गरज नव्हती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, या हिशोबावर त्यांचं आयुष्य गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बोटांवर गणित केलं आणि विचारलं, "ओहोटी अकराच्या सुमाराला दिसत्येय. तेव्हा निघू या?"

"बाबा, इथे ओहोटी नसते. म्हणजे असते, पण वीतभर. कळत नाही."

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "मग हा दिवसभर करतो काय?"

किनारेकराच्या साऱ्या पांडित्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्या दिवशी त्याने वाऱ्याचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट काढला, आणि आम्हाला त्याचं थोडंसं उमगलं. परक्या देशात तुमचे उच्चार वर्षानुवर्षं परकेच राहतात. दहा वर्षांनंतरही पाववाली बाई तुमच्याशी सावकाश, मोठ्याने बोलते. पण पूर्वेचा वारा सुटला की कुठे जाऊ नये, हे तुम्ही तिसऱ्या उन्हाळ्यात सांगू शकता, आणि ते ऐकून दुसरा कुणी आपली छत्री उचलतो. गावात आपलं काहीतरी चालतं याचा एवढा स्वस्त पुरावा दुसरा मिळत नाही. त्यासाठी थोडं पाणी अंगावर न घेता नुसतं डोक्यात साठवावं लागलं, तर किनारेकराची तयारी असते.

नीसच्या गोट्यांवर एक आजी रोज सकाळी येतात. ऐंशीच्या आसपास वय, उन्हात रापलेला वर्ण, घडीची खुर्ची, रबरी चप्पल. मे महिन्यात सुरुवात करतात ते ऑक्टोबर उलटेपर्यंत. आल्या की खुर्ची उघडतात, चष्मा चपलेत ठेवतात, सरळ पाण्यात शिरतात, अर्ध्या तासाने बाहेर येतात. किनारेकराला राहवलं नाही. आपल्या उत्तम फ्रेंचमध्ये त्याने नमस्कार-चमत्कार केले आणि विचारलं की आजी, इथल्या एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून सगळ्यात चांगला किनारा कुठला?

"हाच," आजी म्हणाल्या.

"असं का?"

"घरासमोर आहे म्हणून."

त्याने पालोमा काढलं, पासाब्ल काढलं, ला माला काढलं. आजींनी मान हलवली. ला मालाला त्या लहानपणी एकदा गेल्या होत्या. फार पायऱ्या.

किनारेकर परत आला तेव्हा चेहऱ्यावर अपमान नव्हता, कीव होती. चटईवर बसत तो हळूच म्हणाला, "बाईंना काही कल्पनाच नाही रे. बिचाऱ्या पहिल्यापासून इथल्याच, त्यांना कुठून माहीत असणार!"