सरासरी विद्यार्थ्याच्या गैरहजेरीबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
सर्व शाळा, जिल्हे अमरावती व अकोला

विषय : सरासरी विद्यार्थी शाळा सुरू झाल्यापासून सतत गैरहजर असल्याबाबत.

महोदय,

सरासरी विद्यार्थी हा शालेय शिक्षणाचा मूळ लाभार्थी आहे. पाठ्यपुस्तकाची भाषा त्याला समजेल अशी ठेवली जाते, तासिका त्याला सोसेल एवढीच लांब असते आणि तीन तासांचा पेपर तो बरोबर तीन तासांत सोडवतो. फळ्यावरचे पाहताच वहीत उतरवतो. सूचना एकदा ऐकली की विसरत नाही. खिचडीच्या रांगेतल्या कल्ल्याने तो बावरत नाही आणि मार्चच्या उन्हात पेंगतही नाही. अकोल्यातील शिकवणी वर्गांचे वेळापत्रकसुद्धा त्यालाच धरून आखलेले असते. त्याच्याविषयी तक्रार एकच : दर्यापूरपासून बार्शिटाकळीपर्यंत एकाही हजेरीपटावर त्याचे नाव सापडत नाही.

त्याचा शोध याआधीही घेण्यात आला आहे. 'सरासरी माणूस' ही कल्पना बेल्जियमचे सांख्यिकीतज्ज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३५ मध्ये रूढ केली. पुढे १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची अंगमापे घेतली. लेफ्टनंट गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यातली दहा मापे निवडून, प्रत्येक मापात मधल्या ३० टक्क्यांत बसणाऱ्याला सरासरी मानले. दहाही मापांत सरासरी ठरलेल्या वैमानिकांची संख्या शून्य निघाली. हवाई दलाने त्या वैमानिकांच्या प्रगतिपुस्तकावर 'प्रयत्न कमी पडतात' असा शेरा मारला नाही. खुर्च्या मागेपुढे सरकतील अशा करून घेतल्या. या निष्कर्षाची दखल घेण्याची घाई शाळांनी अजून केलेली नाही.

अंगमापांत जो फरक दिसतो तो मेंदूच्या कामातही असतो. वाचणे, मोजणे, लक्ष देणे, आवाज सहन करणे, माणसांत मिसळणे या गोष्टी प्रत्येक मेंदू आपापल्या रीतीने करतो. या नैसर्गिक वेगळेपणासाठी ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांनी १९९८ च्या सुमारास 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द वापरला. अडचण नसतेच, असा त्याचा अर्थ नव्हे. अडचणीचा काही भाग मुलात असतो आणि काही भाग त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेत. व्यवस्थेतला भाग व्यवस्थेने सोडवायचा असतो. शाळेत मात्र या सगळ्या वेगळेपणासाठी 'ढ', 'आळशी' आणि 'पोट्ट्याचं ध्यानच नाही' असे तीन कप्पे फार पूर्वीपासून सोयीने वापरले जातात.

प्रत्यक्ष हजर असलेल्यांत पहिला येतो डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी. त्याची बुद्धी शाबूत असते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड मात्र सहज बसत नाही. देवनागरीत त्याला घ-ध आणि भ-म चकवतात, वेलांटी भलत्या अक्षराला लागते, जोडाक्षर सुटून जाते आणि रफार हवेत राहतो. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जात असल्याने त्याच्या वाट्याला दुसरी लिपीही लवकरच येते.

दुसऱ्याची अडचण संख्यांची. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना वीस आधी. त्यामुळे ऐकून लिहिणारी काही मुले २५ ऐवजी ५२ लिहितात. डॉ. मंगला नारळीकर अध्यक्ष असलेल्या बालभारतीच्या गणित समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात जुन्या पद्धतीच्या जोडीला 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत दिली. कुणाचीही पंचविशी काढून घेतलेली नव्हती. तरी महाराष्ट्र हसला आणि विधिमंडळातही विनोद झाले. सरासरी विद्यार्थ्याला पंचवीस आधीपासूनच येत असल्याने दुसरी पद्धत कुणासाठी, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

तिसऱ्याचे लक्ष टिकत नाही, हातपाय थांबत नाहीत. त्याला एडीएचडी म्हणतात. चौथा स्वमग्न असतो. घंटेचा कर्कश आवाज किंवा न सांगता बदललेली तासिका त्याचा अख्खा दिवस उधळून लावते.

मेळघाटातील पाचव्याला यांपैकी काहीच झालेले नसते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील अनेक घरांत कोरकू बोलली जाते. ती मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. घरी कोरकू बोलणारे लेकरू मराठी पुस्तकापुढे गप्प बसले तर ती अध्ययन अक्षमता नसते. त्याला अजून मराठी शिकवलेली नसते, इतकेच. पण सरासरी विद्यार्थी पाळण्यातच प्रमाण मराठी बोलत असल्याने अक्षमतेच्या आणि भाषेच्या अशा दोन्ही शांततांना एकच शेरा मिळतो. याची उलटी चूकही होते. खरोखर डिस्लेक्सिया असलेले कोरकू मूल 'भाषेची अडचण आहे' म्हणून वर्षानुवर्षे तसेच राहते.

शासन स्वस्थ बसलेले नाही. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेच्या सवलती दिल्या. २००७ मध्ये डिस्लेक्सियावरचा 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि एक चांगला चित्रकला शिक्षक मिळाला की प्रश्न सुटतो, अशी अनेकांची खात्री पटली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. एडीएचडीला स्वतंत्र जागा मिळाली नाही. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक पडताळणी करावी आणि त्यासाठी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे सांगितले. दाखल्यासाठी पुन्हा १४ व्या आणि १८ व्या वर्षी तपासणीही त्यांनी ठरवून दिली.

व्यवहारात हा प्रवास बहुधा उलट्या दिशेने होतो. तिसरीतली पडताळणी राहून जाते आणि दहावीचा अर्ज भरताना दाखल्याची आठवण येते. मग पालक रुग्णालयाच्या खेपा घालतात, प्रस्ताव अमरावती विभागीय मंडळाकडे जातो आणि तासाला २० मिनिटे जादा मिळतात. दहा वर्षांत जे समजेल असे शिकवले गेले नाही, ते तीनऐवजी चार तासांत लिहिण्याची ही सोय आहे. सवलत रास्त आहे, हक्काची आहे. पण ती परीक्षेची आहे, शिकण्याची नाही. शिकवण्यासाठी विशेष शिक्षक लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक असे प्रमाण ठरवले. पदे मंजूर करा, असे राज्यांना २०२५ मध्ये पुन्हा सांगावे लागले.

वेगळ्या वाटेने शिकण्याची गोष्ट वऱ्हाडाला नवी वाटू नये. १८८१ मध्ये लोणी टाकळी येथे जन्मलेल्या 'प्रज्ञाचक्षू' संत गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. त्यांनी ग्रंथ इतरांकडून वाचून घेतले, स्वतःचे इतरांकडून लिहवून घेतले आणि १९१५ मध्ये देह ठेवला तेव्हा शंभराहून अधिक रचना मागे होत्या. अडचण डोळ्यांची होती. ज्ञान कानाने आत आले आणि वाणीने बाहेर पडले. आज डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी वाचक आणि लेखनिक मागितला तर 'मग त्याचे स्वतःचे काय?' असे विचारणारे लोक याच जिल्ह्यांत या प्रज्ञाचक्षूंसमोर हात जोडतात.

सबब, सरासरी विद्यार्थ्याचे नाव नियोजनातून कमी करून पुढील बाबी करण्यात याव्यात. तिसरीची पडताळणी सत्राच्या आरंभी व्हावी. धडा मोठ्याने वाचला जावा आणि घटक चाचणीत तोंडी उत्तरही चालावे. फळ्यावरचा मजकूर उतरवण्याला पर्याय म्हणून छापील टिपण द्यावे. संख्या दोन्ही पद्धतींनी म्हणून काड्या-मण्यांनी मोजून घ्याव्यात. तासिकेच्या मध्ये उठण्याची मुभा असावी. दिवसाचे वेळापत्रक चित्रांसह भिंतीवर लावावे आणि बदल आधी सांगावा. मेळघाटात पहिली दोन वर्षे कोरकू शब्दांना वर्गात जागा असावी. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवडाभर शाळा बुडालेल्या मुलालाही याच गोष्टी उपयोगी पडतात. तीव्र अडचणीच्या मुलांना विशेष शिक्षक तरीही लागेलच. वरील उपाय त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पण हे उपाय सुरू करण्यासाठी कोणत्याही रुग्णालयाच्या दाखल्याची, कोणत्याही मंडळाच्या मंजुरीची किंवा दहावी उजाडण्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

कळावे.

आपले विश्वासू,
हजेरीपटावरील सर्व विद्यार्थी