फुंकर आणि फाटक
कॅलिफोर्नियात दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तरी सहसा तीन ते पाच वर्षांचं प्रोबेशन लागतं. इतरांना रक्तातल्या मद्याची मर्यादा ०.०८ टक्के, प्रोबेशनवाल्याला ०.०१सुद्धा महाग. फुंकर मारायला नकार दिला, तरी परवाना जातोच. कॅनडा तर डिसेंबर २०१८पासून हा गुन्हा गंभीर मानतो आणि सीमेवरूनच परत पाठवू शकतो. नायगारा अमेरिकेच्या बाजूनंच बघा, म्हणजे कडेकडेनं! आपल्या एच-वन बंधूंची तऱ्हा आणखी न्यारी: नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो. अमेरिकेत राहता येतं एकवेळ. बाहेर पडलात की नवा अर्ज, वर डॉक्टरी तपासणी. गणपतीला का येत नाहीस, असं आईनं विचारलंच तर प्रोजेक्टची डेडलाइन आहेच. तीही गुणाची, पाच-पाच वर्षं संपत नाही.