कलमात बसणारे आजारपण

साथीच्या आजाराच्या व्याख्या दोन. डॉक्टरांची व्याख्या विषाणूपासून सुरू होते, विमा कंपनीची पॉलिसीच्या तारखेपासून. दुसऱ्या व्याख्येप्रमाणे आजारी पडायचे तर थोडी पूर्वतयारी लागते. ती कशी करावी, हे येथे २०२०-२१ च्या कोरोनाच्या आधारे सांगितले आहे. या विद्येचा त्या दोन वर्षांत घरोघरी जेवढा सराव झाला, तेवढा आधी कधी झाला नव्हता.

पहिली पायरी पॉलिसीची. विमा नियामक आयआरडीएआयने सर्व सामान्य आणि आरोग्य विमा कंपन्यांना १० जुलै २०२० पर्यंत ‘कोरोना कवच’ नावाची पॉलिसी बाजारात आणायला लावली. नाव विचारपूर्वक ठेवलेले असावे. पोथीतल्या कवचात शेंडीपासून पायाच्या नखापर्यंत एकेक अवयव एकेका देवतेच्या स्वाधीन करतात. या कवचात तो एकेका कलमाच्या स्वाधीन होई. पोथीत शेवटी फलश्रुती असते, येथे अपवादांची यादी. विम्याची रक्कम ५० हजार ते ५ लाख रुपये, मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने. हे ‘साडे’ कशासाठी, असा प्रश्न पडलेल्यांनी आतले पान उघडावे. पहिले १५ दिवस प्रतीक्षाकाळ असे आणि त्यात झालेला कोरोना कवचात धरत नसत.

म्हणून आजारपणाला मुहूर्त पाहावा. पितृपंधरवड्यात जसे शुभकार्य काढत नाहीत, तसे या पंधरवड्यात आजारपण काढू नये. सोळाव्या दिवसापासून हरकत नाही. विषाणूला पॉलिसीची प्रत दाखवण्याची सोय अद्याप झालेली नाही, हा या पद्धतीतला एकमेव दोष.

दुसरी पायरी चाचणीची. खासगी प्रयोगशाळेतल्या आरटी-पीसीआर चाचणीला साथीच्या सुरुवातीला ४५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्र सरकारने ती उतरवत मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० वर आणली. हा खर्च विम्यातून मिळवायचा तर अहवाल पॉझिटिव्ह हवा, प्रयोगशाळा सरकारमान्य हवी आणि मागोमाग रुग्णालयात दाखल होणे किंवा नियमाप्रमाणे घरी उपचार घेणे हवे. अहवाल निगेटिव्ह आला तर पैसे ज्याचे त्याने भरावेत. निरोगी असल्याचा तो दंड समजावा. मे २०२१ मध्ये पुण्यातल्या मायलॅबच्या २५० रुपयांच्या घरगुती चाचणी किटला मंजुरी मिळाली. त्यात पॉझिटिव्ह आलेल्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) खरा पॉझिटिव्ह मानले आणि पुन्हा चाचणीची गरज नाही असे सांगितले. पॉलिसीतल्या अटीत मात्र सरकारमान्य निदान केंद्र हे शब्द होते आणि स्वयंपाकघरातला ओटा त्या व्याख्येत बसवणे कठीण असते.

तिसरी पायरी दाखल होण्याची. येथे घड्याळाला धर्मग्रंथाचा मान आहे. कवचासाठी किमान २४ तास रुग्णालयात राहावे लागे. सकाळी दहाला दाखल झालेल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बरे होऊ नये. ‘कोरोना रक्षक’ या धाकट्या भावंडाची अट याहून कडक होती. सलग ७२ तास राहिल्यास ठरलेली पूर्ण रक्कम एकदम मिळे आणि पॉलिसी तेथेच संपे. रक्षकाच्या विमेदाराला तिसऱ्या रात्री भूक लागली, ताप उतरला, घरचे वरण आठवू लागले, तरी त्याने याची वाच्यता डॉक्टरांपुढे करू नये.

रुग्णालयात खाट मिळाली नाही तर? एप्रिल २०२१ मध्ये हा ‘तर’ शेकडो घरांत शिरला होता. त्यासाठी कवचात घरच्या उपचारांची १४ दिवसांपर्यंत तरतूद होती. ऑक्सिमीटर, ऑक्सिजनचा सिलिंडर, नेब्युलायझर, नर्सची फी, सगळे त्यात येई. हे कलम खरोखर चांगले होते आणि तसे म्हटलेच पाहिजे. अट एवढीच की रोजच्या प्रकृतीचा तक्ता हवा आणि त्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही हवी. तक्ता असा ठेवावा: पाठकोऱ्या कागदाला वहीची पट्टी लावून चार रकाने आखावेत, वेळ, ताप, नाडी, ऑक्सिजन. रुग्ण बंद दाराआड खोकत आकडे ओरडतो, बाहेर सून लिहून घेते. ९४ की ८४, हे दोनदा विचारून घ्यावे, कारण दारातून दोन्ही सारखेच ऐकू येतात. डॉक्टर मोबाइलच्या पडद्यावर दिसतात, पण पडद्यातून सही होत नाही. ती आणायला, क्वारंटाइनमध्ये नसलेला एखादा शेजारी आधीपासून जोडून ठेवावा.

चौथी पायरी कॅशलेसची. मंजुरीचा निर्णय एका तासात कळवावा, असे नियामकाने एप्रिल २०२१ च्या अखेरीस, दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, कंपन्यांना बजावले. या तासाची मोजदाद शेवटचा आवश्यक कागद पोहोचल्यावर सुरू होते आणि शेवटचा कागद कोणता, हे कागद मागणारा ठरवतो. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाने कपडे बदलून, पिशवी मांडीवर घेऊन बसावे. दुपारचे जेवण सोडू नये.

पाचवी पायरी बिलाची. राज्य सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतल्या बहुतांश खाटांचे दर बांधले: साधा कक्ष दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभाग साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. पीपीई किट त्या दराबाहेर होते, त्यामुळे बिलात किटांची संख्या पाहून नर्स दर तासाला वेष बदलते की काय असा भास होई. कवचात किटाचा खर्च मिळे. जुन्या मेडिक्लेमवाल्यांना मात्र हातमोजे, मास्क आणि किट ‘उपभोग्य वस्तू’ या सदरात कापलेले दिसत. त्यांच्यासाठी आणखी एक सापळा असतो. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का असेल, तर ३ लाखांच्या पॉलिसीत ३ हजारांची खोली बसते. कोणी ६ हजारांची घेतली, तर भाडे निम्मे कापून भागत नाही, डॉक्टरांची फीही निम्मीच मिळते. खिडकीतून झाड दिसते का, हे पाहून खोली निवडू नये.

पॉलिसीच नसलेल्यांनी रेशनकार्ड शोधावे. तोवर मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांपुरती असलेली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्ये पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली झाली. आयुष्यभर अभिमानाने मिरवलेले पांढरे कार्ड त्या महिन्यात प्रथमच कपाटाबाहेर आले.

लसीचे प्रकरण लहान आहे. सरकारी केंद्रात ती मोफत होती. खासगी रुग्णालयात मार्च २०२१ मध्ये डोसला २५० रुपये पडत, तर जूनपासून कोव्हिशिल्डला ७८० आणि कोव्हॅक्सिनला १४१० रुपयांपर्यंत. विम्यातून ते मिळत नसत, कारण दाखल होणे घडत नाही. लस टोचल्यावर केंद्रावर अर्धा तास बसवून ठेवत, म्हणजे अट पूर्ण व्हायला साडेतेवीस तास कमी पडत. लसीची रिअॅक्शन येऊन दाखल व्हावे लागले, तर मात्र अटींच्या अधीन राहून खर्च मिळेल, असे नियामकाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले. लस लागू पडली तर खर्च विमेदाराचा, बाधली तर कंपनीचा.

एवढे करूनही क्लेम फेटाळला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. कार्यालये मुंबईत आहेत आणि पुण्यातही. फी नाही, वकील लागत नाही. मूळ कागद कंपनीकडे देण्यापूर्वी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढावी, तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूचीसुद्धा.