चकचकीत दिवाळं

आमच्या पेठचं संस्थान १८७८ साली तिथल्या बेगमेच्या मृत्यूनंतर इंग्रजांनी खालसा केलं. आमच्या घरचं किडुकमिडुक संस्थान खालसा करायला इंग्रजांची गरज पडली नाही. मी होतो.

संस्थान म्हणजे पणजीची रुपयांची माळ. आमच्या भागातल्या जुन्या बायका चांदीचे रुपये असे गळ्यात घालत; बँकही तीच आणि दागिनाही तोच. प्रत्येक रुपयाला डाग देऊन बसवलेली कडी, त्यातून ओवलेला काळा दोरा. व्हिक्टोरिया राणी, एडवर्ड, पंचम जॉर्ज असे तीन पिढ्यांचे राज्यकर्ते पणजीच्या गळ्यात गुण्यागोविंदाने लटकत होते.

त्यात एक रुपया १९११ चा निघाला आणि माझं डोकं फिरलं. त्या साली पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती इतक्या आखूड सोंडेचा उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, सरकारने रुपये मागे घेऊन बहुतेक वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. आज संग्राहक सुधारलेल्या हत्तीला विचारत नाहीत, बिघडलेल्याला जास्त पैसे मोजतात. एवढं वाचूनही सुधारणा या प्रकाराबद्दल मला शंका आली नाही.

उलट मला वाटलं, मळकी नाणी कोण घेणार? नाण्याला कडी कशाला? सोनाराकडून सगळ्या कड्या काढवल्या, राहिलेले फोड कानशीने सपाट करून घेतले. मग घरी चिंच, राख आणि भांड्यांची पावडर असा त्रिवेणी संगम करून रुपये घासले. आत्या म्हणाली, ‘‘अरे, राणीचं नाक तरी ठेव!’’ मी म्हटलं, ‘‘आत्या, तुला यातलं कळत नाही.’’

सावळ घाट ओलांडून नाशिकला एका जुन्या संग्राहकांकडे गेलो. त्यांनी भिंग लावलं आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात समजावलं. चांदीवरचा काळा थर म्हणजे गंधकामुळे चढलेली पुटं. ती सावकाश चढतात आणि नाणं कुणी छेडलेलं नाही याची तीच साक्ष असते. घासताना थराबरोबर वरची चांदीही जाते. केसांच्या बटा, अक्षरांच्या कडा बोथट होतात, बारीक ओरखडे उरतात. प्रतवारी करणारेही अशा नाण्याला पूर्ण श्रेणी देत नाहीत.

‘‘आणि माझा हत्ती?’’

‘‘डुक्कर तरी उरलं असतं तर बोललो असतो.’’

‘‘पण कड्या काढल्या ना?’’

‘‘तेच तर! कडी हा नाण्याचा दोष आणि माळेचा दागिना. डाग एकदा बसला की नाणं गेलंच. पण माळ म्हणून ती अख्खी होती. कुठल्या मुलखातली, कुणाच्या गळ्यातली, हे सगळं त्या कड्यांत आणि दोऱ्यात होतं. दोरा कुठे आहे?’’

दोऱ्याने मी अंगणातल्या दोडक्याचा मांडव बांधला होता.

शेवटी रुपये सराफाच्या तागडीत पडले. मूळचे सुमारे ११.६६ ग्रॅमचे, माझ्या मेहनतीने जरा हलके. त्यातून त्याने डागाची घट धरली. मी म्हटलं, ‘‘पण केवढे चमकतात बघा!’’

‘‘चमकेचं वजन होत नाही,’’ म्हणत त्याने पैसे मोजले.