‘हार्दिक’ चाचणी: वांकिडीच्या होतकरू एडिटरासाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमच्या घरात लॅपटॉप आला आहे. तो अभ्यासासाठी घेतला होता, ही गोष्ट आता कोणी काढत नाही. वांकिडीत लॅपटॉप असणे म्हणजेच एडिटर असणे. यापुढे गावातले वाढदिवस, बारशी, लग्ने, निवडणुका आणि तेरव्या तुमच्या दारात येतील. बहुतेक रात्री साडेनऊनंतर येतील आणि प्रत्येक काम ‘फक्त पाच मिनिटांचं’ असेल. पैशाचा विषय निघणार नाही. तेव्हा सॉफ्टवेअरही फुकटच लागेल, हे ओघाने आले.

आवश्यक साहित्य

लॅपटॉप: एक (4 जीबी रॅमचा, त्याहून मोठा असता तर दादाने स्वतःकडेच ठेवला असता). माउस: एक. पेन ड्राइव्ह: एक, शक्यतो कोणाला न दिलेला. खुर्च्या: दोन. दुसरी, मागे बसून ‘अजून थोडा गोरा कर ना भाऊ’ म्हणणाऱ्यासाठी.

पायरी 1: विकतचे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार करा आणि सोडून द्या

फोटोशॉप 1990 साली आले. 2013 पासून अडोबीने नव्या आवृत्त्या विकणे बंद करून भाड्याने द्यायला सुरुवात केली. भाडे दर महिन्याला, तुमची मिळकत दर महिन्याला दोन प्लेट भजी. हिशेब जमत नाही.

इथे एखादा मित्र ‘क्रॅक’ घेऊन येईल. क्रॅकसोबतच्या सूचनांत पहिली ओळ असते: अँटिव्हायरस बंद करा. घरफोडीला आलेल्याने आधी ‘कुत्रा बांधा’ म्हणावे, तसेच हे. मित्राला चहा पाजून परत पाठवा.

पायरी 2: ‘हार्दिक’ चाचणी घ्या

कोणतेही सॉफ्टवेअर उतरवलेत की त्याची जाहिरात, तारे, स्तुती काहीही वाचू नका. कोरे पान उघडून त्यावर ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ टाइप करा.

आता ‘हार्दिक’ या शब्दाकडे नीट पाहा. यात ‘र’चा रफार ‘द’च्या डोक्यावर जायला हवा आणि ऱ्हस्व वेलांटी त्याच्या आधी यायला हवी. संगणक मात्र अक्षरे ज्या क्रमाने साठवतो, त्यात ‘र’ आधी आणि वेलांटी शेवटी असते. त्यांना उचलून जागच्या जागी बसवणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर ‘र’चा पाय मोडतो, वेलांटी घसरते आणि बॅनरवर ‘हार्‌दकि’ शुभेच्छा झळकतात. फोटोशॉपसारख्या महागड्या सॉफ्टवेअरातही ‘वर्ल्ड-रेडी’ ही सोय चालू केलेली नसेल, तर हेच होते. फुकटच्या गिंपमध्ये सहसा होत नाही. पैसे मोजून ‘दकि’ मिळावे आणि फुकटात ‘र्दिक’, असा न्याय क्वचित पाहायला मिळतो.

पुढचा शब्द ‘राजुऱ्याचे’. आपले निम्मे सोयरे राजुऱ्याचे, त्यामुळे हा शब्द लागणारच. ‘ऱ्या’च्या जागी ‘र्या’ उमटले तर फाँट बदला. राजुरा पूर्वी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा नकाशा क्रॉप करणाऱ्यांनी राजुरा चौकटीच्या त्या बाजूला (आजच्या महाराष्ट्रात) ठेवला आणि वांकिडी या बाजूला (आजच्या तेलंगणात). पुढे 2016 मध्ये आदिलाबादही क्रॉप झाला आणि आपण कोमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आलो. सोयरीक मात्र क्रॉप झाली नाही.

म्हणूनच तिसरी चाचणी तेलुगूची. आपल्याकडच्या बॅनरवर वर ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली ‘शुभाकांक्षलु’ असते. तेलुगू जोडाक्षराचे दुसरे अक्षर पहिल्याच्या पायाशी बसते. ते बाजूला उभे राहिले तर पंचायतीतले साहेब नाराज होतील. दोन्ही लिप्या एकाच वळणाच्या हव्या असतील, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला बलू हा फाँट घ्या. फुकट आहे. त्याच्या तेलुगू भावंडाचे नावच ‘बलू तम्मुडु’, म्हणजे धाकटा भाऊ. आपल्या गावासाठीच बारसे केल्यासारखे.

पायरी 3: कामाप्रमाणे हत्यार निवडा

फोटो फक्त उजळायचा आहे: मोबाइलवरचे स्नॅपसीड. गूगलचे आहे, फुकट आहे आणि फोटोवर स्वतःचे नाव उमटवत नाही.

कोणी पीएसडी फाइल आणून दिली: फोटोपी. ब्राउझरमध्येच उघडते, काही बसवावे लागत नाही. बाजूला जाहिराती दिसतात. त्यांच्याकडे लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखे दुर्लक्ष करा.

पत्रिका लगेच हवी: कॅनव्हा. मात्र ज्या चित्रावर मुकुट दिसेल त्याला हात लावू नका. मुकुटवाल्याला कर द्यावा लागतो.

सगळे काम एकाच ठिकाणी, मन लावून: गिंप. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केले, 1996 साली लोकांसाठी खुले केले. यात ‘सेव्ह’ केले की एक्ससीएफ नावाची फाइल होते, जी फ्लेक्सवाल्याकडे उघडत नाही. जेपीजी हवी असेल तर ‘एक्सपोर्ट’ करावे लागते. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक नवशिक्या हे चंद्रपूरला पोहोचल्यावर शिकतो.

एकाच ॲपवर संसार थाटू नका. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली. टिकटॉकसोबत व्हिवाव्हिडिओही गेले, आणि अनेकांचे अर्धवट राहिलेले ‘प्रोजेक्ट’ त्यातच अडकले. मूळ फोटो आणि क्लिपा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

पायरी 4: बॅनर

गिऱ्हाईक दहा बाय सहा फुटांचा बॅनर मागेल आणि काकांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवेल. हिशेब करा. इंचाला 72 ठिपके धरले तरी 8,640 गुणिले 5,184, म्हणजे साडेचार कोटींच्या आसपास ठिपके लागतात. व्हॉट्सॲपने दाबून पाठवलेल्या फोटोत काकांच्या चेहऱ्याच्या वाट्याला आलेले ठिपके यापुढे चिल्लर. छापून आल्यावर काका चौकटीच्या लुगड्यासारखे दिसतील. उपाय: ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे सांगा. तीनदा सांगा.

आणखी एक. एवढ्या आकाराचा एक पूर्ण थर सुमारे 18 कोटी बाइट खातो. दहा थर म्हणजे पावणेदोन जीबी. तेव्हा ‘शुभेच्छुक’ म्हणून खाली ओळीने लागणारे चेहरे आधीच छोटे करून घ्या. कार्यकर्त्यांना मात्र ‘छोटे केले’ असे सांगू नका.

पायरी 5: व्हिडिओ

डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीही अफाट आहे. हॉलिवूडच्या चित्रपटांचे रंग यात दुरुस्त होतात. पण ते 16 जीबी रॅम मागते. तुमच्या लॅपटॉपवर उघडून पाहायला हरकत नाही. तेवढ्यात बैलांना पाणी दाखवून या.

आपल्यासाठी केडेनलाइव्ह किंवा शॉटकट बरे. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, कोपऱ्यात शिक्का नाही. दोघांतही ‘प्रॉक्सी’ची सोय आहे: जड क्लिपची हलकी प्रत करून तिच्यावर काम करायचे, शेवटी मूळ क्लिपवरून फिल्म निघते. खळ्यात गोऱ्हे आणि शर्यतीला खिल्लारी, असा प्रकार.

मंगलाष्टके चालू असताना गुरुजींचे ओठ आणि आवाज यांची फारकत झाली, तर गुरुजींना दोष देऊ नका. मोबाइल दर सेकंदाला सारख्याच फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की कमी घेतो. शॉटकट अशी क्लिप ओळखून ती बदलून देऊ का, असे स्वतःच विचारते. ‘हो’ म्हणा.

पायरी 6: दिवाळीत घ्यायची विशेष काळजी

गोंडांच्या दंडारीत गुस्साडी नर्तक नाचू लागले की सगळे मोबाइल वर होतात. इथे दोन फुकटच्या सोयी गोत्यात आणतात. पार्श्वभूमी आपोआप काढणारे यंत्र मोरपिसांच्या टोपाशी येऊन गोंधळते आणि अर्धी पिसे कापून टाकते. ‘ब्युटी मोड’ त्याहून वाईट: अंगाला फासलेली राख त्याला डाग वाटते आणि तो ती पुसून काढतो. मारलावाईच्या कनक राजूंना 2021 साली याच नृत्यासाठी पद्मश्री जाहीर झाली, हे त्या मोडला ठाऊक नसते. बंद करा.

पायरी 7: श्रद्धांजली

हे काम पहाटे येते आणि यात ‘पाच मिनिटं’ कोणी म्हणत नाही. म्हाताऱ्याचा एकट्याचा फोटो कधीच नसतो. राजुऱ्याकडच्या कोणत्या तरी लग्नातला, सातजणांचा, मांडवात काढलेला फोटो मिळतो. मधले आबा आपल्याला हवे असतात.

आपोआप कापणाऱ्या यंत्राला पांढरा पटका आणि पांढरी कनात यांतला फरक कळत नाही. ते पटका अर्धा खाते. म्हणून गिंपमध्ये ‘पाथ’ घ्या आणि ठिपका ठिपका मांडत कडेने फिरा. कानातल्या बाळीशी झूम करा. सुरकुत्या पुसू नका, गोरे करू नका. घरच्यांना हेच आबा ओळखीचे आहेत.

सगळे कापून झाल्यावर खांद्यावर चार बोटे उरतील. शेजारी उभ्या असलेल्या कोणाची तरी. क्लोनचे हत्यार घ्या, बाजूचा सदरा उचला, बोटांवर फिरवा. दोन मिनिटांचे काम आहे. त्याआधी मात्र दुसऱ्या खुर्चीकडे एकदा पाहा. तिथे आजी बसलेली असेल. ती पडद्याजवळ वाकून म्हणेल, “राहू दे बाबू. त्यायच्या भावाचाच हात हाये तो, तिकडचा.”

हत्यार खाली ठेवा. हात तसाच राहू द्या. एक्सपोर्ट करा, सेव्ह नव्हे.